परवान्याविना मोकळे जग? जव्हारची सीमा आणि निकितिनचा घोडा

१/
“व्हिसा ही विसाव्या शतकातील युरोपची करामत; त्यापूर्वी माणूस मन मानेल तिथे हिंडत असे.” रशियन प्रवाशांवरील निर्बंधांची चर्चा निघाली की हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि पुरावा म्हणून पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या अफनासी निकितिनचे नाव पुढे केले जाते. विधान ऐकायला गोड आहे. इतिहास म्हणून ते खोटे आहे. निकितिनचा प्रवास तर नेमके उलटेच सिद्ध करतो. 🧵

२/
आरंभ जव्हारपासून करू. उत्तर कोकणातून मोखाड्यामार्गे त्र्यंबक-नाशिककडे चढणाऱ्या वाटेवरचे हे महादेव कोळ्यांचे राज्य. त्याच्या स्थापनेची आख्यायिका मुळी सीमेचीच आहे. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन जयबा पोपेराने मागितली, आणि ती मिळताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून सारा मुलूख वेढला. कार्थेजच्या राणी डायडोची कथाही हीच. कथा घडली असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: आधी वेढा, मग राज्य.

३/
वेढा घातल्यावर तो इतरांनी मानावाही लागतो. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने जयबाच्या मुलास ‘निमशहा’ हा किताब दिला. जव्हारच्या दरबारी कागदपत्रांत ५ जून १३४३ पासून स्वतंत्र शक मोजला जाई. निकितिन कोकणात उतरला तेव्हा या राज्याला सव्वाशे वर्षे होत आली होती. ज्या सह्याद्रीला ‘मोकळी वाट’ म्हटले जाते, त्याच्या घाटमाथ्यांवर तेव्हाच धनी बसलेले होते.

४/
आता निकितिन. रशियातील त्वेर नगराचा हा व्यापारी कागदाविना निघालाच नव्हता. त्वेरच्या राजाचे पत्र त्याच्यापाशी होते. निझनी नोव्हगोरोदपर्यंत अधिकाऱ्यांनी आणि जकातदाराने त्याला सुखरूप जाऊ दिले. पुढे व्होल्गेच्या मुखाजवळ, आस्त्राखानपाशी, तातारांनी त्याला लुटले. पत्र तेच होते. फरक इतकाच की ते देणाऱ्याचा धाक तिथवर पोहोचत नव्हता.

५/
लुटले गेलेले रशियन शिरवानच्या शहाकडे गेले आणि मायदेशी परतण्यापुरते साहाय्य मागू लागले. तुम्ही फार जण आहात, या सबबीवर शहाने काहीही दिले नाही. परतीचा मार्ग खुंटला म्हणून निकितिन बाकू, इराण, होर्मुझ असा पुढे सरकत राहिला. ज्याला ‘मुक्त भ्रमंती’ म्हणून रंगवले जाते, तिच्या मुळाशी ही हतबलता आहे.

६/
१४६९ ते १४७२ या सुमारास तो चौल, पाली, उंबरे अशा वाटेने जुन्नरला आला. जव्हारपासून जुन्नर सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर. सोबत विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. बहमनी राज्यात चांगले घोडे समुद्रापलीकडून येत, म्हणून तो घोडा हेच त्याचे भांडवल.

जुन्नरच्या असदखानाने तो घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली: धर्म बदलल्यास घोडा परत आणि वर हजार सुवर्णनाणी, न बदलल्यास घोडा जप्त आणि हजारांचा दंड.

७/
सुटका कशी झाली? नियमाने नव्हे, न्यायाधीशाने नव्हे. मुदत संपण्यापूर्वी खोरासानचा मुहम्मद नावाचा एक प्रतिष्ठित गृहस्थ तिथे आला, त्याने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. या प्रसंगाला धर्मद्वेषाचे इंधन बनवणाऱ्यांनी हेही वाचावे: अडवणारा मुसलमान होता, तसा सोडवणाराही मुसलमानच. प्रश्न धर्माचा कमी आणि मर्जीचा अधिक होता. तो गृहस्थ आठवडाभर उशिरा आला असता, तर?

८/
परतीच्या वाटेवर त्राब्झोन येथे त्याचे सारे सामान किल्ल्यात नेऊन झडती घेतली गेली. गुन्हा कोणता? तो उझून हसनच्या छावणीतून आला होता, आणि उझून हसन म्हणजे ऑस्मानी तुर्कांचा शत्रू. म्हणून गुप्त पत्रांचा शोध! माणसाने काय केले हे न पाहता तो कुठून आला एवढेच पाहणारी सीमा इतकी जुनी आहे.

९/
आक्षेप येईल: तरीही तो बिदरपर्यंत गेला, वर्षानुवर्षे राहिला, कुणी शिक्का मागितला नाही. खरे आहे. पण तिथे तो ‘खोजा युसूफ खोरासानी’ या नावाने वावरत होता. स्वतःचे नाव झाकून मिळालेल्या प्रवेशाला मोकळीक म्हणावे काय?

१०/
जव्हारनेही पाहुणचार आणि पाडाव दोन्ही अनुभवले. १६६४ मध्ये सुरतेच्या मोहिमेवर निघालेल्या शिवाजी महाराजांचे जव्हारजवळ शिरपामाळ येथे विक्रमशहाने स्वागत केले, असे परंपरा सांगते. आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी त्याच विक्रमशहाकडून जव्हार जिंकून घेतले. वाट तीच, राजा तोच. बदलले ते राजकारण.

११/
समुद्रही मोकळा नव्हता. पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नसलेले गलबत जप्त होई; कान्होजी आंग्रे आपले ‘दस्तक’ घ्यायला लावीत. मराठीत ‘राहदारी’, ‘परवाना’, ‘जकात’, ‘चौकी’ हे शब्द काही १९२० च्या पासपोर्ट कायद्याने आणलेले नाहीत. ज्या भाषेत अडवण्याचे इतके शब्द रुळले आहेत, तिच्या मुलखात अडवणूक नव्हती असे म्हणणे हास्यास्पद आहे.

१२/
मग विसाव्या शतकाने काय बदलले? मर्जीची जागा कागदाने घेतली. कागदही क्रूर असू शकतो: डिसेंबर १९२१ च्या सोव्हिएत हुकुमाने लाखो परागंदा रशियनांचे नागरिकत्व हिरावले. पण त्यावर उपायही कागदाचाच निघाला. १९२२ मध्ये फ्रित्योफ नान्सेनच्या पुढाकाराने निर्वासितांसाठी ‘नान्सेन पासपोर्ट’ आला आणि पुढे पन्नासहून अधिक देशांनी तो मानला. निकितिनला खोरासानी गृहस्थाची वाट पाहावी लागली. नान्सेनने ती मदत नियमात बसवली.

१३/
सप्टेंबर २०२२ मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, युरोपीय संघाने रशियाशी असलेला व्हिसा-सुलभता करार स्थगित केला. पोलंड, बाल्टिक देश आणि मग फिनलंडने रशियन पर्यटकांना दारे लावली. आक्रमक राज्याला जाब विचारणे योग्यच. पण त्याच महिन्यात सैन्यभरतीचा हुकूम निघाला आणि युद्धात लढायचे नाही म्हणून पळणारेही त्याच दारांशी येऊन थांबले. त्राब्झोनची झडती इथे आठवली पाहिजे.

१४/
म्हणून ‘पूर्वीचे मोकळे जग’ हा भ्रम निरुपद्रवी नाही. हरवलेल्या सुवर्णयुगासाठी उसासे टाकणारा माणूस आजच्या नियमांकडे काहीच मागत नाही. मागण्यासारखे मात्र पुष्कळ आहे: नियम लेखी असावा, नकाराचे कारण मिळावे, दाद मागायला जागा असावी, आणि माणसाची पारख त्याच्या राजावरून न होता त्याच्या कृतीवरून व्हावी. जुन्नरला त्या चार दिवसांत निकितिनपाशी यांपैकी एकही गोष्ट नव्हती.