चला, वल्हे हाती घेऊ

धरणगाव तालुक्याला दोन मोठ्या नद्यांचा शेजार लाभला आहे. उत्तरेच्या सीमेवरून तापी वाहते आणि पूर्वेला गिरणा. चोपड्याला जाताना आपण तापीचा पूल ओलांडतो. जळगावला जाताना आगगाडीच्या खिडकीतून गिरणा दिसते. पूल ओलांडायला एक-दोन मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात आपल्याला नदी दिसते. पण ती कळते का? नदी कळण्यासाठी तिच्या प्रवाहाबरोबर काही दिवस राहावे लागते. म्हणून संधी मिळेल तेव्हा विद्यार्थ्यांनी होडी वल्हवत नदीतून प्रवास करणाऱ्या एखाद्या गटात अवश्य सामील व्हावे, असे माझे मत आहे.

हे काम फक्त धाडसी पुरुषांचे आहे, असे काही जणांना वाटेल. त्यांनी १९९४ सालची एक मोहीम आठवावी. बचेंद्री पाल या १९८४ साली एव्हरेस्ट शिखर सर करणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या नेतृत्वाखाली अठरा महिला तीन रबरी होड्यांतून गंगेच्या प्रवासाला निघाल्या. हरिद्वारपासून कोलकात्यापर्यंतचे २,१५५ किलोमीटर अंतर त्यांनी ३९ दिवसांत पार केले. म्हणजे रोज सरासरी ५५ किलोमीटर! अठरा जणींनी मिळून हे काम तडीस नेले.

अशा प्रवासातला पहिला धडा होडीच देते. होडीत दोन्ही बाजूंना माणसे बसतात. प्रत्येकाच्या हातात एक वल्हे असते. फक्त उजव्या बाजूच्यांनी वल्ही मारली, तर होडी डावीकडे वळते. एखाद्या बलवान मुलाने एकट्यानेच भराभर वल्हे मारले, तर सर्वांचा ताल बिघडतो. मागे बसलेला प्रमुख हाक देतो आणि सर्वजण एकाच वेळी वल्हे पाण्यात घालतात. तेव्हाच होडी सरळ पुढे जाते. आपल्या गावात उर्दू शाळेची मुले वेगळी शिकतात, मराठी शाळेची वेगळी. त्यांची एकमेकांशी गाठ क्वचितच पडते. समजा, उजव्या बाजूला उर्दू शाळेचे विद्यार्थी बसले आणि डाव्या बाजूला मराठी शाळेचे. दोघांना एकच ताल धरावा लागेल, नाहीतर होडी जागच्या जागी फिरत राहील. होडीत भाषेचे किंवा श्रीमंतीचे वजन नसते. तिथे वजन असते ते माणसांचे आणि सामानाचे! संध्याकाळी काठावर उतरल्यावर चूल पेटवणे, पाणी आणणे, भांडी घासणे ही कामेही सर्वांनी वाटून घ्यायची असतात.

दुसरा धडा नदी देते. तापी मध्यप्रदेशात मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते, हे आपण भूगोलात पाठ करतो. तिला दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या मिळतात आणि सातपुड्यातून अनेर येते. ही नावे परीक्षेनंतर आपण विसरतो. पण ज्याने वल्हे मारत एखादा संगम ओलांडला, तो त्या नदीचे नाव विसरेल का? वळणावर बाहेरच्या काठाला पाणी खोल आणि वेगवान का असते, आतल्या काठाला वाळू का साचते, हे त्याला आपोआप समजते. वाळू कोठे उपसली जाते, गावांचे घाण पाणी कोठे येऊन मिळते, हेही तो पाहतो. पुलावरून जाणारा माणूस कचऱ्याची पिशवी नदीत सहज फेकतो. होडीतून जाणाऱ्याला ती पिशवी वल्ह्याने बाजूला सारावी लागते!

आईवडिलांना भीती वाटते, हे खरे आहे आणि ती भीती खोटी नाही. पावसाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीचे पाणी झपाट्याने चढते. या धरणाला ४१ दरवाजे आहेत. नदीवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली भोवऱ्यासारखे फिरते आणि होडीला आत ओढते. अशा ठिकाणी होडी काठावर घेऊन पायीच पुढे न्यावी लागते. म्हणून पावसाळ्यात, परवानगीशिवाय, अनुभवी मार्गदर्शकाशिवाय किंवा जीवरक्षक जाकीट न घालता कोणीही होडीत पाऊल टाकू नये. मात्र मुलांना पाण्यापासून दूर ठेवणे हा भीतीवरचा उपाय नव्हे. ज्याला पोहता येत नाही, तो नदीच्या काठावरही सुरक्षित नसतो. तेव्हा आधी पोहणे शिकावे, मगच वल्हे हाती घ्यावे. हा नियम मुलांना आहे, तसाच मुलींनाही आहे.

लांबची मोहीम खर्चाची असते, हेही मान्य केले पाहिजे. प्रत्येकाला गंगेवर जाणे जमणार नाही. पण गावातल्या दोन शाळांनी मिळून हिवाळ्यात तापीकाठी एक दिवस घालवला, जाणत्या नावाड्याकडून नदीची माहिती घेतली आणि शांत पाण्यात होडी चालवून पाहिली, तरी सुरुवात होईल.

धरणगावला पाणीटंचाई नवी नाही. नळाला पाणी कधी येईल, याची चर्चा येथे घरोघरी चालते. ज्या गावाला पाण्याची किंमत एवढी ठाऊक आहे, त्या गावाच्या मुलांना आपली नदीही ठाऊक असायला हवी. उद्या तिची काळजी त्यांनाच घ्यायची आहे. आणि हे काम एकट्याच्या वल्ह्याने होणारे नाही.