‘मॅनहँडलिंग’ नव्हे, मारहाण म्हणा!

आंदोलकांवर हात पडला की खुलाशात एक गुळगुळीत शब्द येतो, ‘मॅनहँडलिंग’. मराठीत त्याची ‘धक्काबुक्की’ होते. इंग्रजीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, माणसाला दांडगाईने हाताळणे. दुसरा, यंत्राशिवाय अंगबळाने जड वस्तू हलवणे. माणूस आणि ओझे, दोघांना एकच क्रियापद! माणसाला वस्तू समजणाऱ्या व्यवस्थेला तो सोयीचा वाटणारच.

पण भारतीय न्याय संहितेत ‘मॅनहँडलिंग’ नावाचा गुन्हाच नाही. तिथे हमला आहे, बलप्रयोग आहे, दुखापत आहे. कलम ११४ प्रमाणे शारीरिक वेदना देणे हीसुद्धा दुखापतच; रक्त निघालेच पाहिजे असे नाही. आणि पीडित अनुसूचित जातीचा आहे हे माहीत असताना सवर्णाने दुखापत केली, तर ॲट्रॉसिटी कायदाही लागू होतो. जबाबात ‘किरकोळ धक्काबुक्की’ लिहिले की हे सगळे दरवाजे बंद करायला निमित्त मिळते. उलट आपल्या कार्यकर्त्याने पोलिसाला लोटले तर? लगेच कलम १३२, सरकारी कामात अडथळा! तेव्हा कुणाला ‘मॅनहँडलिंग’ आठवत नाही.

शब्दाची किंमत परभणीने दाखवली. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर अटक झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. विधानसभेत श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवले गेले. पण शवविच्छेदन आपल्या शहरातल्या घाटी रुग्णालयात झाले, आणि प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असे नोंदले गेले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले; ३० जुलैला तिथेही हरले. आई लढली, वकील लढले. पण कागदावर ‘जखमा’ हा शब्द होता म्हणून लढाईला पाय मिळाले.

म्हणून तक्रार देताना कुणी मारले, कशाने, कुठे लागले, कोणती शिवी दिली, हे जसेच्या तसे लिहायला लावा. त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्या. तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर सहीपूर्वी ती वाचून दाखवणे ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे पोलिसांचे कर्तव्य आहे. ऐकल्याशिवाय सही करू नका.

त्यांचा शब्द आपल्या जखमेवर चिकटू देऊ नका.

जय भीम!