सॉफ्टवेअर फसते, दिवाणजी बदनाम होतो

जळगावचा दाणा बाजार असो की धुळ्यातील यंत्रमागांचे कारखाने, व्यापारी बांधवांकडून एक गाऱ्हाणे आम्ही वारंवार ऐकतो. हिशोबाचे मोठे सॉफ्टवेअर घेतले, पैसा गेला आणि सहा महिन्यांत रोजमेळाची जुनी वही पुन्हा उघडली. शेठ म्हणतात, दिवाणजी जुन्या वळणाचा. दिवाणजी म्हणतो, सॉफ्टवेअरच बेकार. विकणारा म्हणतो, तुम्ही शिकलाच नाहीत. मग खरे कारण शोधायचे कसे?

याच प्रश्नावर परदेशातील अभ्यासक चाळीस वर्षांहून अधिक काळ संशोधन करीत आहेत. त्यांतल्या अनेकांची वाट सोपी असते. अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवायची आणि प्रशिक्षण कमी पडले, वरिष्ठांचा पाठिंबा नव्हता अशी कारणांची यादी काढायची. यादी खोटी नसते. परंतु प्रश्नावली बहुधा तोच भरतो, ज्याने सॉफ्टवेअर घेण्याचा निर्णय केला. स्वतःच्या चुकीवर तो बोट कशाला ठेवील?

अमेरिकेतील लिन मार्कस या विदुषींनी १९८३ मध्ये वेगळी वाट दाखवली. एका मोठ्या कंपनीत नवी हिशोब प्रणाली आली, तरी विभागांचे हिशोबनीस जुन्या वह्या सोडीनात. ते आळशी होते काय? ही प्रणाली आखणाऱ्यांपैकीच एक जण पुढे एका विभागाचा हिशोबप्रमुख झाला, आणि तोही तिला विरोध करू लागला! माणूस तोच, खुर्ची बदलली. नव्या प्रणालीमुळे विभागाचे आकडे न विचारता मुख्य कचेरीला दिसू लागले होते, खरे दुखणे ते होते. आमच्या पेढीवर वीस वर्षे उधारी डोक्यात सांभाळणाऱ्या दिवाणजीचे याहून वेगळे काय असते? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे, आणि लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये हेही तिथेच सांगितले आहे. हा दुसरा भाग आमच्या शेठ लोकांना क्वचितच आठवतो.

सिंगापूरच्या ख्रिस्टिना सोह व सहकाऱ्यांनी २००० साली तेथील इस्पितळांचा अभ्यास मांडला. बाहेरून आणलेल्या सॉफ्टवेअरमध्ये नावाचे रकाने पाश्चात्त्य पद्धतीचे होते आणि आशियाई नावे त्यांत बसत नव्हती. खानदेशात हे कोणाला समजावून सांगायला नको. शेख रहीम शेख करीम यांचे आडनाव कोणते? यंत्राने ‘शेख’ धरले की निम्मे गिऱ्हाईक एकाच नावाखाली जमा. उधारी एकाची, तगादा दुसऱ्याला.

जर्मनीच्या लिडल या दुकानसाखळीने २०११ मध्ये हाती घेतलेले काम २०१८ मध्ये सोडले. सुमारे ५० कोटी युरो बुडाल्याच्या बातम्या आल्या. शिल्लक माल खरेदीच्या भावाने धरायचा की विक्रीच्या, यावर मोठे घोडे अडले होते, असे त्यांत म्हटले होते. कंपनीने आपली रीत सोडली नाही आणि सॉफ्टवेअरचीच मोडतोड होत राहिली.

यंत्राचा दोष कधीच नसतो असे मात्र नाही. १ फेब्रुवारी २०१८ रोजी ई-वे बिल देशभर सुरू झाले आणि भार न पेलून पहिल्याच दिवशी बसले. सरकारला ते पुढे ढकलावे लागले. तिथे कोणा दिवाणजीला बोल लावता येणार नव्हता.

आमचे मत असे, की पेढीवर सॉफ्टवेअर अडले तर दिवाणजीला काढण्याआधी शेठने दोन आठवडे त्याच्या शेजारी बसावे. दुसरी वही कोणत्या वेळी आणि कशासाठी उघडली जाते, तेवढे टिपून ठेवावे. यंत्रमागाच्या कारखान्यात आठवड्याच्या पगाराचा दिवस निवडावा. मजुरी मीटरवर, कारागिराने घेतलेली उचल तोंडी ठरलेल्या हप्त्याने फिटणार, आणि सॉफ्टवेअर मागते महिन्याचा पगार. वही नेमकी त्याच दिवशी बाहेर येते.