पोटमाळ्यावरचा मोडी कागद पुरता वाचून घ्या

शेतकरी मंडळी, आपल्याकडे जुन्या घरात पोटमाळ्यावर नाहीतर देव्हाऱ्यामागच्या फळीवर एखादी पत्र्याची ट्रंक असतेच. आत लाल फडक्यात बांधलेले कागद. खंडेनवमीला त्यावर हळद-कुंकू पडते आणि बासन परत वर जाते. विचारले तर उत्तर ठरलेले, 'पणज्याच्या वेळचं आहे, मोडीत आहे, कुणाला वाचता येत नाही.'

२०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदींचा शोध आधी मराठवाड्यात आणि मग राज्यभर सुरू झाला. तेव्हापासून मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदम भाव आला. तहसील कचेरीच्या आवारात 'मोडीवाला कुठं भेटंल?' अशी चौकशी होऊ लागली. ही गोष्ट चांगलीच झाली. पण मी ठिबकच्या आणि पीकविम्याच्या कागदांसाठी गावोगाव फिरतो, तेव्हा एक गोष्ट खटकते. माणसे कागद उघडतात ती एका शब्दासाठी. तो शब्द सापडला तर फोटो काढतात, नाही सापडला तर चडफडतात, आणि दोन्ही वेळा बाकीचा कागद न वाचताच बांधून ठेवतात. त्या न वाचलेल्या ओळींत जमीन कुणाची होती, विहीर कुणी पाडली, कर्ज कुणी काढले आणि कुणी फेडले हे सगळे लिहिलेले असते.

करवीर तालुक्यातल्या एका गावात दोन भावकीच्या घरांत दोन पिढ्यांचा अबोला. कारण एकच: 'तुमच्या पणज्यानं आमची माळाची जमीन खाल्ली.' कुणबी नोंदीसाठी कागद काढला, तो निघाला गहाणखत. नवरा प्लेगात गेला, पदरी लहान पोर, म्हणून बैल आणि बी-बियाण्यासाठी एका बाईने दिराकडे जमीन गहाण टाकलेली. सहीच्या जागी बांगडीचे चित्र. आणि कागदाच्या पाठीमागे, जिकडे कुणी बघतच नव्हते, दुसऱ्या हाताची दोन ओळींची नोंद: रकमेची फेड झाली, जमीन परत दिली. म्हणजे खाल्ली नव्हती. ती पुढे विकली गेली, ती तिच्याच मुलाच्या हातून, हे नंतर फेरफारात सापडले. आता दोन्ही घरे गळ्यात गळे घालून फिरतात असे मी म्हणत नाही. पण गेल्या उन्हाळ्यात मोटारीच्या पाळीवरून जी हमरीतुमरी व्हायची, ती झाली नाही.

आता वाचण्याचे बघू. मोडी अवघड आहे, पण ती काही जादूटोण्याची लिपी नाही. कारकून आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायचा आणि त्यांच्याखाली बोरूने, शक्यतो हात न उचलता, भराभर लिहीत जायचा. शब्दांत जागा सोडलेली नसते, पूर्णविराम नसतो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसतात आणि अर्थ संदर्भाने लावावा लागतो. अक्षरे महिनाभर घोटली तर ओळखू येतात. अडते ते शब्दांपाशी, कारण निम्मे शब्द फारसी-अरबी वळणाचे. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वलद' म्हणजेही तेच. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. ही तीन अक्षरी-दोन अक्षरी नाती वहीत उतरवत गेलात तर चार कागदांतून तुमची पाच पिढ्यांची वंशावळ उभी राहते. त्यासाठी कुणा भाटाला दक्षिणा द्यायला नको.

काही शब्द मात्र जपून वाचायचे. 'दरोबस्त' म्हणजे सगळेच्या सगळे. 'खेरीज' म्हणजे वगळून. 'विहीर खेरीज' असे असेल तर विहीर व्यवहारात नाही. घाईत वाचणारा नेमका उलटा अर्थ लावतो. 'नजर गहाण' म्हणजे ताबा न देता ठेवलेले गहाण, 'ताबे गहाण' म्हणजे जमीन सावकाराच्या कब्जात. 'फारखती' म्हणजे हक्क सोडल्याचा किंवा देणे मिटल्याचा कागद. पुष्कळ घरांत फारखतीलाच 'आमची सनद' म्हणून पुजतात! खरे इनामपत्र ओळखायची एक खूण सांगतो: त्यात पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड आणि जमिनीखालचे धन अशी लांबलचक यादी बहुधा येते, 'जल तरू तृण काष्ठ पाषाण' अशी. ती दिसली की समजावे, हा साधा खरेदीचा कागद नव्हे.

सह्यांची तर मला मोठी मौज वाटते. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढायचा, बाई बांगडी काढायची आणि खाली लिहिणारा आपले नाव घालायचा. 'निशाणी नांगर' हे शब्द वाचता आले की त्या माणसाचा पेशा वेगळा विचारावा लागत नाही.

तारखेचा घोळही सुटण्यासारखा आहे. शक असेल तर त्यात ७८ मिळवा. फसली सन असेल तर ५९०. म्हणजे फसली १३०१ हे १८९१-९२. हे साल मृगाला सुरू होते, आपल्या पेरणीसारखे, म्हणून जानेवारीनंतरच्या कागदाला एक वर्ष पुढे धरायचे. त्याहून जुन्या कागदात सुहूर सन असतो आणि तो अंकांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इसन्ने मयातैन व अलफ' हे वाचून घाबरायचे कारण नाही: दोन, दोनशे आणि हजार, झाले १२०२. त्यात ५९९ मिळवा, १८०१-०२ साल निघते. हिश्शांच्या उभ्या रेघा आपल्या म्हाताऱ्या दुकानदारांना अजून येतात: एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन पाऊण. जमीन बिघ्यात आणि पांडात असेल तर २० पांडांचा एक बिघा धरा. पण त्याचे परस्पर गुंठे करून शेजाऱ्याच्या बांधावर जाऊ नका. मोजणीचा कागद वेगळा, हा वेगळा.

घरात कागद नसेल तर तो कुठे शोधायचा, हे तुमचे गाव पूर्वी कुणाकडे होते यावर आहे. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले १ मार्च १९४९ रोजी. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या शासकीय पुराभिलेखागारात आहे. पण कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा या जहागिऱ्या होत्या, त्यांचे व्यवहार वेगळे. चंदगडकरांनी तर १९५६ पूर्वीच्या कागदासाठी बेळगावचीही आठवण ठेवावी, कारण तालुका तोवर त्या जिल्ह्यात होता. आणखी एक. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले. त्याआधीच्या नोंदी कुलकर्ण्याच्या हातच्या. म्हणून गावातल्या जुन्या कुलकर्णी घराण्यात नम्रपणे विचारून बघा; रद्दीत गेले नसेल तर काही ना काही सापडते. अलीकडच्या काळासाठी तहसीलचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख कार्यालय, जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर आणि शाळेचे दाखलवही हे सगळे धरून चला. फेरफार मात्र पहिल्यापासून वाचायचा. सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा कारभारी म्हणून लागला आहे, एकटा मालक म्हणून नव्हे. ही तीन अक्षरे पुढच्या उताऱ्यात गळली की धाकट्यांचे आणि बहिणींचे हक्कही लोकांच्या तोंडून गळतात.

एक स्पष्ट सांगतो, राग मानू नका. जुना गहाणाचा कागद सापडला म्हणून जमीन परत मिळत नाही. गहाण सोडवण्याच्या दाव्याची मुदत पूर्वी ६० वर्षे होती, १९६३ च्या मुदत कायद्याने ती ३० वर्षे झाली. तीस वर्षांहून जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून आला तर कोर्ट तो खरा मानू शकते. पण त्यातला मजकूर तुमच्या बाजूचा आहे की नाही हा निराळा प्रश्न. म्हणून वकिलाकडे जाण्याआधी जाणकाराकडून पूर्ण लिप्यंतर करून घ्या, ओळीला ओळ. 'तुम्हाला पाहिजे ते निघतंय बघा' म्हणणारा वाचक भेटला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अस्सल कागद कुणाच्या हाती देऊ नका. फोटो द्या, दोन्ही बाजूंचे.

कागद जपण्याचेही बघा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराने शिरोळ तालुक्यात, चिखली-आंबेवाडीकडे किती ट्रंका बुडाल्या याची मोजदाद कुणी केली नाही. भिजलेला कागद उन्हात टाकू नका, ओला असताना घड्या सोडवू नका. सावलीत, वाऱ्यावर, टीपकागद नाहीतर जुने सुती कापड घालून वाळू द्या. चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर बिलकूल नको. पुष्कळांनी हौसेने केले आहे, आणि तो कागद आता प्लॅस्टिकमध्ये कायमचा अडकून पिवळा पडतो आहे.

तलाठी, ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींनाही दोन शब्द. मोडी शाळेत शिकलेला शेवटचा माणूस आज नव्वदीकडे झुकला आहे. पुराभिलेख खाते मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. गावातल्या इतिहासाची किंवा कायद्याची आवड असलेल्या एका तरी मुला-मुलीला तिथे पाठवा आणि येण्या-जाण्याचे भाडे द्यायला ग्रामपंचायतीने हात आखडू नये. चावडीत जे जुने रुमाल आहेत त्यांची नुसती यादी करायला एक रविवार पुरतो: किती रुमाल, कोणते साल, कोणत्या लिपीत. ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवा आणि एक प्रत तहसीलला द्या. दप्तर भिंतीला टेकून जमिनीवर असेल तर निदान विटांवर फळी टाकून वर घ्या, मृगाच्या आत.