खापर कोणाच्या माथी?

मागील अंकातील एका लेखात, बृहन्महाराष्ट्रातील मराठीच्या ऱ्हासाचे मूळ कॉन्व्हेंट शाळांत आहे असा निष्कर्ष काढून, सर्व मंडळांनी या शाळांच्या निषेधाचा ठराव करावा अशी सूचना केलेली आहे. लेखकाची तळमळ खरी आहे, याविषयी मला शंका नाही. निष्कर्ष मात्र खरा नाही, आणि ठरावाने तर काहीच साधणार नाही. राज्य सरकारच्या नोकरीत माझी चौतीस वर्षे गेली. ठराव कसे होतात आणि झाल्यावर कोणत्या कपाटात जातात, हे मी जवळून पाहिले आहे.

माझी नात बडोद्यातील एका कॅथलिक जोगिणींच्या प्राथमिक शाळेत दुसरीत शिकते. गेल्या जुलैत शाळेने आजी-आजोबांना बोलावले होते. २६ जुलै हा कॅथलिक पंचांगात संत योआकिम आणि संत ॲना यांचा, म्हणजे येशूच्या आजोळच्या आजी-आजोबांचा, सण. म्हणून यांच्या कित्येक शाळांत हा समारंभ त्या सुमारास होतो. आम्ही उभयता तासभर आधीच पोहोचलो. बाहेर पाऊस कोसळत होता, तेव्हा मुख्याध्यापिका सिस्टरांनी आम्हांला वर्गातच मागच्या बाकावर बसवले. त्या तासाभरात जे पाहिले ते सविस्तर लिहितो. कारण कॉन्व्हेंटवर लिहिणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांनी तिथला वर्ग चालू असताना पाहिला असेल.

वर्गात अठ्ठेचाळीस मुले होती. हजेरी झाली, लहानशी प्रार्थना झाली. मग एक मुलगा उठून खिडकीशी गेला, बाहेर डोकावला आणि भिंतीवरच्या तक्त्यात त्या दिवसाच्या चौकटीत ढगाचे चित्र अडकवून आला. हे काम रोज एकाकडे असते. खिडकीत स्टीलच्या वाटीत ओल्या कापसावर मूग उगवले होते. तशीच दुसरी वाटी कपाटात बंद होती. बाईंनी ती बाहेर काढली आणि काही न सांगता दोन्ही वाट्या मुलांपुढे फिरवल्या. कपाटातले मोड लांब, पिवळट, लुळे; खिडकीतले आखूड आणि हिरवे. दहा मिनिटे मुलेच बोलत होती. 'सूर्यप्रकाशाची आवश्यकता' हे शब्द फळ्यावर आले ते सर्वांत शेवटी.

त्यानंतर बाजार भरला. बाके ओढून दुकाने झाली. कागदी नोटा, पुठ्ठ्याची नाणी, रिकामी खोकी. दुकानदाराने सुटे पैसे परत करताना वजाबाकी करायची नाही, वस्तूच्या किमतीपासून वर मोजत जायचे, अशी रीत होती. सहाची पेन्सिल, दहाची नोट. सात, आठ, नऊ, दहा म्हणत चार नाणी हातावर ठेवायची. आपल्या मंगळबाजारातला वाणीही असाच मोजतो. माझे शिक्षण १९६० च्या दशकात येथल्याच पालिकेच्या मराठी शाळेत झाले. त्या शाळेचे ऋण मी मानतो. पण तिथे हातच्याची वजाबाकी मी छडीच्या धाकाने शिकलो आणि ती कशासाठी करायची हे मला पुष्कळ उशिरा कळले, हेही सांगितले पाहिजे. गतकाळाचे गोडवे गाताना आपण छडी सोयीस्करपणे विसरतो.

ही पद्धत म्हणजे साहेबाची थेरे, असे कोणी म्हणेल तर ते अज्ञान आहे. गिजुभाई बधेका यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले ते १९२० मध्ये. ताराबाई मोडक राजकोटचे प्राचार्यपद सोडून त्यांना जाऊन मिळाल्या, आणि दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. खुद्द मारिया माँटेसरी हिंदुस्थानात आल्या त्या त्यानंतर तेरा वर्षांनी, १९३९ मध्ये. एक गुजराती गृहस्थ आणि एक मराठी बाई यांनी आपल्या या प्रांतात, देशी भाषांत, मुलांच्या हाताला काम आणि डोळ्यांना पाहायला काही दिले. पुढे ताराबाईंनी बोर्डीला आणि कोसबाडला जे उभे केले ते मराठीत केले. तेव्हा वाटीतले मूग हे परके नव्हेत. आपण ते टाकले आणि दुसऱ्या कोणी उचलले, एवढेच.

आता दुखण्याकडे येतो.

बाजार ऐन रंगात आला असता माझ्या नातीला एका दुकानात एक नाणे कमी मिळाले. दुकानदारीणही मराठी घरातलीच. नात ताडकन म्हणाली, "अगं, तू मला एक रुपया कमी दिलास!" तिने पुन्हा मोजून दाखवले, चूक सिद्ध केली आणि रुपया वसूल केला. मला धन्य वाटले. तेवढ्यात वर्गनायिकेचा बिल्ला लावलेली एक चिमुरडी आली आणि तिने नातीच्या गळ्यात दोरीला बांधलेला एक पुठ्ठा अडकवला. आपण इंग्रजीत बोलले पाहिजे, अशा अर्थाचे वाक्य त्यावर इंग्रजीत लिहिले होते. इंग्रजीखेरीज बोलणारे दुसरे मूल सापडेपर्यंत हा पुठ्ठा गळ्यात ठेवायचा, मग त्याच्या गळ्यात घालायचा. शाळा सुटताना ज्याच्याकडे राहील त्याच्या डायरीत शेरा. बाईंनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

पुढे सभागृहात समारंभ झाला. नातीने आपल्या आजीची ओळख इंग्रजीत करून दिली, न अडखळता. टाळ्या झाल्या. हिने कौतुकाने तिचा हात धरून विचारले, "बाळा, डबा खाल्लास का गं?" नातीने आजीकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले.

घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही.

त्या तासाभरात मी एक गोष्ट टिपली होती. मुले शिकवलेले म्हणून दाखवत होती तेव्हा इंग्रजी बोलत होती. पण मोड पिवळे का पडले यावर जेव्हा खरोखर वाद झाला, तेव्हा वर्गात गुजराती होती, हिंदी होती, एका कोपऱ्यात सिंधीही असावी. विचार जिथे सुरू होतो तिथे मूल घरची भाषा बोलते. म्हणजे पुठ्ठा गळ्यात पडतो तो नेमका मूल विचार करत असतानाच! ज्या बाईंनी मुलांना विचार करायला लावण्यासाठी आठवडाभर मूग भिजवले, त्यांच्याच वर्गात विचाराला दंड. या विसंगतीचा जाब मात्र शाळेला विचारलाच पाहिजे, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सिस्टरांकडे गेलो.

जाताना कागद घेऊन गेलो होतो. जुनी सवय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात, शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हेच माध्यम असावे असे म्हटले आहे, त्या परिच्छेदाखाली मी रेघ मारली होती. सिस्टरांनी ऐकून घेतले आणि शांतपणे मराठीत म्हणाल्या, "बसा काका. मी वसईची. चौथीपर्यंत मराठी शाळेतच शिकले, आमच्या चर्चच्या."

मी ओशाळलो, कारण हे मला सुचायला हवे होते. वसईच्या कॅथलिक गावांनी आपल्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या मराठीतून चालवल्या. त्याच समाजातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले त्याला फार वर्षे झाली नाहीत. ते २०२० साल होते. आणि मागे जायचे तर फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले व ते १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. कॅथलिक म्हटला की मराठीचा वैरी, हे समीकरण मांडणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे. धर्मांतराची जी कुजबूज आपल्या बैठकांत चालते तिच्याविषयी एकच सांगतो: नातीला दोन वर्षांत बायबलचा तास नाही. ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला जातात तेव्हा बाकीच्यांना नीतिशिक्षण असते, आणि त्यात गेल्या महिन्यात श्रावणबाळाची गोष्ट होती.

"मग हा पुठ्ठा?" मी विचारले.

सिस्टरांनी पालकसभेचे बुक काढले. इंग्रजी सक्तीची मागणी पालकांची होती; मुले मधल्या सुट्टीत घरचीच भाषा बोलतात, मग फी कशाची देतो, अशी. सूचक आणि अनुमोदक यांची आडनावे मी येथे देत नाही. एक पटेल होते, दुसरे आपलेच होते. त्यानंतर त्यांनी नातीचा प्रवेशअर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. 'घरीही इंग्रजीत बोलण्याचा प्रयत्न करू' या ओळीपुढे खूण होती आणि खाली सही माझी. चिरंजीव तेव्हा कामानिमित्त बाहेरगावी होते, म्हणून मी गेलो होतो. टिपणी वाचल्याखेरीज उभ्या आयुष्यात सही न केलेला मी, नातीच्या प्रवेशाच्या आनंदात ती ओळ न वाचता सही करून मोकळा झालो. वाचली असती तर केली नसती, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधील शाळांतून वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात अशीच लाकडी फळी अडकवीत आणि ती अशीच एकाकडून दुसऱ्याकडे जाई. तसा सरकारी कायदा कुठेही नव्हता. शाळा ते करीत आणि पुष्कळ आईबाप त्यावर राजी असत. आपली गोष्ट याहून वेगळी नाही.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल शाळेत न घालणाऱ्या बापाला त्या राज्यात दंड होत असे. त्या परंपरेत वाढलेल्या पालिकेच्या मराठी शाळांचा पट उतरत गेला तो कोणी उतरवला? जोगिणी काही आपल्या दारी मुले मागायला आल्या नव्हत्या. माझ्या चिरंजीवांना १९९३ मध्ये इंग्रजी शाळेत घालण्यासाठी मी स्वतः पहाटे पाच वाजता रांगेत उभा होतो, आणि पुढेमागे ओळखीचेच चेहरे होते. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने धार्मिक अल्पसंख्याकांना शाळा काढण्याचा जो हक्क दिला, तोच त्याच वाक्यात भाषिक अल्पसंख्याकांनाही दिला आहे. त्यांनी तो वापरला. आपण मंडळांची सभागृहे बांधली आणि ती लग्नांना व साड्यांच्या प्रदर्शनांना भाड्याने दिली. २०१८ मध्ये ९१ वे साहित्य संमेलन बडोद्यात भरले, मांडव दुमदुमला. त्या उत्साहातून एक बालवाडी निघाली असती तर? गुजरात सरकारने २०२३ मध्ये कायदा करून सर्व प्राथमिक शाळांत गुजराती सक्तीची केली. ते योग्यच झाले. ज्या भूमीचे अन्न खातो तिची भाषा आलीच पाहिजे. त्यामुळे नात इंग्रजी, हिंदी, गुजराती शिकते. मराठीसाठी तिच्याकडे फक्त आजी आहे, आणि आजीसमोर ती ओठांवर बोट ठेवते.

म्हणून निषेधाच्या ठरावाला माझा विरोध आहे. मंडळ ठराव करणारच असेल तर तो पालकांना उद्देशून असावा: पाल्याला घरच्या भाषेसाठी शिक्षा होत असेल तर डायरीतल्या शेऱ्याखाली सही करू नये. मी त्या दिवसापासून करत नाही.

सिस्टरांनी दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. पुठ्ठा काढण्याचा प्रश्न त्या जानेवारीच्या पालकसभेपुढे ठेवणार आहेत. त्यांना तो एकट्याच्या अखत्यारीत काढता येत नाही, असे त्या म्हणाल्या, आणि आपण त्या सभेला गेलो नाही तर पुठ्ठा राहील हे उघड आहे. दुसरे असे की, पहिली-दुसरीच्या वर्गांना शुक्रवारचा शेवटचा तास आजी-आजोबांसाठी मोकळा ठेवायचा. ज्याने त्याने आपल्या भाषेत गोष्ट सांगायची, मुलांनी ती आपापल्या भाषेत एकमेकांना समजावायची. आजवर चार गुजराती, दोन सिंधी आणि एक मल्याळी अशी नावे आली आहेत. मराठी नाव एकच आहे, आणि ते आमच्या घरचे. त्या शाळेत आपली निदान तीस मुले आहेत.