आधी खराटा, मग कीर्तन

रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात मंद संगीत लावले की रुग्णाची चिंता ओसरते, हा विचार अलीकडे मोठ्या उत्साहाने मांडला जातो. तो निराधार नाही. शस्त्रक्रियेआधीच्या चिंतेसंबंधीच्या २६ चाचण्यांचा, म्हणजे २०५१ रुग्णांचा, आढावा कॉक्रेनने २०१३ साली प्रसिद्ध केला. संगीत ऐकणाऱ्यांची चिंता त्यात काहीशी कमी आढळली. मात्र आपण संगीत ऐकतो आहोत हे रुग्णाला ठाऊक असतेच. त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावेत, असेही आढावाकारांनीच बजावले आहे. आमचा आक्षेप संगीताला नाही. त्याच्या आडून जे टाळले जाते, त्याला आहे.

अमरावतीचे इर्विन काय किंवा अकोल्याचे सर्वोपचार काय, तेथे खेड्यापाड्यांतून माणसे पहाटेची एस.टी. धरून येतात. बाकावर बसलेल्या अशा माणसाला नेमके काय छळत असते? ‘लंबर केव्हा येईन जी?’ हा त्याचा प्रश्न असतो. डॉक्टर आले आहेत का, कागद कोणत्या खिडकीत द्यायचा, परतीची गाडी मिळेल का, हे त्याला कोणी सांगत नाही. ही चिंता अज्ञानातून नव्हे, अनुत्तरातून जन्मते. आणि अनुत्तराला बासरी हे उत्तर नव्हे.

एका खाजगी दवाखान्यात आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. भिंतीवरच्या दूरचित्रवाणी संचावर मोठ्याने भजन चालले होते. त्या गजरात एका म्हाताऱ्याला स्वतःचे नाव ऐकूच आले नाही. त्याचा क्रमांक गेला आणि तो पुन्हा रांगेच्या शेवटी बसला. भजन सात्त्विक होते, म्हणून त्याची हानी कमी झाली काय?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. तेथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. बाहेरच्याला भोंगा वाजवू नये म्हणून बजावायचे आणि आत आपणच कर्णा लावायचा, ही विसंगती कोणाला खटकू नये, याचे नवल वाटते. शिवाय एकाचा विरंगुळा तो दुसऱ्याचा जाच असतो. ज्याचे माणूस आत अत्यवस्थ आहे, त्याला कान मिटून घेण्याची सोय निसर्गाने दिलेली नाही.

ज्यांची समाधी अमरावतीत आहे, त्या गाडगेबाबांनी हा क्रम पूर्वीच घालून दिला आहे. दिवसा ते खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. मुंबईत उपचारासाठी आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांची परवड त्यांनी पाहिली, तेव्हा त्यांच्यासाठी धर्मशाळा उभारली. नुसते कीर्तन ऐकवून त्यांची बोळवण केली नाही.

तेव्हा आधी स्पष्ट दिसणारा क्रमांक, पुरेसे बाक, पाणी आणि नीट मराठीत उत्तर देणारा एक माणूस द्या. गलका कमी करा. मग ज्याला हवे त्याने, हवे ते, आपल्या कानापुरते खुशाल ऐकावे. तुकडोजी महाराजांची खंजिरी असो वा मारवा. ती निवड रुग्णाची असावी, व्यवस्थापनाची नव्हे.