भेकाचा गुन्हा काय?

मागच्या पावसाळ्यात माधवनगरला घरी गेलो होतो. रात्रीची जेवणं उरकली आणि शेजारच्या काकू मिठाची वाटी घेऊन अंगणात! पायरीशी, दिव्याखाली एक गलेलठ्ठ भेक शांतपणे किडे गिळत बसलेला. "काकू, थांबा" म्हणेपर्यंत मूठ पडलीसुद्धा.

"अरे, घाण असतो तो. हात लागला तर चामखीळ येते."

नाही हो येत! चामखीळ येते विषाणूमुळे, आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो. भेकाच्या डोळ्यांमागच्या फुगीर ग्रंथींत विष असतं हे खरं. पण ते त्याला तोंडात धरणाऱ्या कुत्र्यासाठी. तो काही विष फवारत फिरत नाही. चुकून हात लागला तर धुवा, विषय संपला. उलट मीठ त्याला भयंकर भोवतं. भेक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. मीठ तेच पाणी त्याच्या अंगातून ओढून काढतं.

आणि हा खातो काय? मुंग्या, वाळवी, भुंगेरे. वाळवीसाठी आपण पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे मोजतो आणि फुकटातली नाइट शिफ्ट मिठाने मारतो. धन्य!

"पण मादागास्करमध्ये तर हाच भेक मारतात ना?" हो. २०१४ मध्ये तो तिथे पोचल्याचं लक्षात आलं. तिथल्या प्राण्यांना त्याच्या विषाची सवय नाही, तिथे तो घुसखोर. इथे तो मूळचा रहिवासी आहे, तुमच्या-माझ्या सातबाऱ्याच्या आधीपासूनचा.

मला खरा राग येतो तो आपल्यासारख्यांचा. १९६३ मध्ये कोयनेच्या परिसरातून एका भेकाची नवी जात नोंदली गेली, २००९ मध्ये आंबोलीची. त्यांच्या फोटोसाठी आपण महागडा कॅमेरा घेऊन भर पावसात चिखलात लोळतो. आणि घरी आल्यावर? पार्किंगमधल्या भेकाला झाडूचा फटका. दुर्मिळ असेल तरच जीव, नाहीतर कचरा... हे कसलं निसर्गप्रेम?

काकूंचं मीठ एका भेकाला मारतं. आपले पेव्हर ब्लॉक पिढ्याच्या पिढ्या संपवतात. मादी साचलेल्या पाण्यात जेलीच्या लांब माळांमधून हजारो अंडी घालते. पिल्लांना पाय फुटेपर्यंत काही आठवडे ते पाणी टिकावं लागतं. आपण कंपाउंड या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशीने झाकतो. "डबक्यात डास होतात" म्हणे! मग आधी कूलर, जुने टायर आणि कुंडीखालच्या बश्या रिकाम्या करा. डेंग्यूचा डास तिथे वाढतो.

सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच मागा: एक कोपरा मातीचा राहू द्या. भेक घरात आलाच तर सुपलीत घेऊन बागेत सोडा.

त्या रात्री मी तांब्याभर पाणी ओतून भेकाला धुतला आणि कुंडीआड ठेवला. सकाळी नव्हता. काकूंकडे मीठ अजून आहे... पण परवा फोनवर म्हणाल्या, "तुझा भेक आला होता रे. काही केलं नाही हो मी."